कारच्या म्युझिक सिस्टिममधील वायरिंगचा दोष मोजून कसा शोधावा

कारमधील आवाज फाटू लागला की आधी स्पीकर बदलला जातो. तरीही फरक पडला नाही की ॲम्प्लिफायर बदलला जातो आणि बराच खर्च झाल्यावर खरा दोष सापडतो तो रंगाच्या थरावर कसलेल्या अर्थिंगच्या एका बोल्टाखाली. असे वारंवार घडते ते मल्टिमीटर नसल्यामुळे नव्हे. मीटर बहुतेकांकडे असतो, पण सिस्टिम बंद असताना तारेच्या टोकाला १२ व्होल्ट दिसले की ‘करंट येतोय’ असे म्हणून ती तार निर्दोष ठरवली जाते. लोड (करंट ओढणारे उपकरण) नसताना घेतलेले हे रीडिंग जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. म्हणून पुढील टप्प्यांत शक्य तिथे तार काम करत असतानाच तपासली आहे आणि तपासणीचा क्रम बॅटरीकडून स्पीकरकडे ठेवला आहे. हा क्रम मध्येच सोडला तर मागच्या टप्प्यातील दोष पुढच्या टप्प्यात वेगळ्याच रूपात दिसतो आणि दिशाभूल करतो.

आधी एवढे समजून घ्या

कोणतेही उपकरण चालायचे तर करंटला पूर्ण वळसा मिळावा लागतो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून फ्यूज आणि तारेतून उपकरणात जातो आणि अर्थिंगची तार व गाडीचा पत्रा या मार्गाने निगेटिव्ह टोकाकडे परततो. जितका करंट जातो तितकाच परत येतो. त्यामुळे पॉझिटिव्हला जाड तार आणि अर्थिंगला हाती लागली ती बारीक तार, ही अगदी नेहमी दिसणारी जोडणी मुळातच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट ओहमच्या नियमाची. तारेत किंवा जोडावर होणारी व्होल्टेजची घट म्हणजे करंट गुणिले रोध (रेझिस्टन्स). एखाद्या सैल जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम आहे असे धरू. त्यातून डॅशबोर्डचा छोटा दिवा पेटवणारा ०.२ अँपिअर करंट गेला तर घट होते ०.०२ व्होल्ट, जी कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच जोडातून ॲम्प्लिफायरचे ३० अँपिअर गेले तर घट होते ३ व्होल्ट आणि त्या एका जागी ९० वॉट उष्णता तयार होते. बॅटरीपाशी १२.५ व्होल्ट असूनही ॲम्प्लिफायरला ९.५ व्होल्टच मिळतात, आणि ताल जोरात पडला की तो बंद पडतो.

तिसरी गोष्ट बेरजेची. बॅटरीचे व्होल्टेज म्हणजे वाटेतील सर्व घटी अधिक उपकरणाला मिळालेले व्होल्टेज. ही बेरीज नेहमी जुळते. ती जुळत नसेल तर प्रोब चुकीच्या जागी टेकला आहे किंवा मोजताना लोड बदलला आहे असे समजावे.

पूर्वतयारी

डिजिटल मल्टिमीटर, टोकाला क्लिपा लावलेली चार-पाच मीटर लांबीची साधी बारीक तार, होल्डरमध्ये बसवलेला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब, पॉलिश पेपर, तारेची ब्रश, योग्य क्षमतेचे जादा फ्यूज आणि १.५ व्होल्टचा सेल एवढे साहित्य पुरते. वही-पेन मात्र हवेच. आठवणीत ठेवलेली रीडिंगे तिसऱ्या मोजमापानंतर एकमेकांत मिसळतात.

मीटरच्या बाबतीत सर्वांत महागडी चूक म्हणजे लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला असताना व्होल्टेज मोजायला जाणे. त्या भोकात मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे बॅटरीच्या दोन टोकांना प्रोब टेकवताच थेट शॉर्ट होतो. करंट मोजून झाला की प्रोब त्याच क्षणी व्होल्टच्या भोकात परत घालायची सवय लावून घ्यावी.

सावधान: तारा सोडवण्यापूर्वी अंगठी व घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडा आणि जोडताना ते शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी सोडले तर पाना पत्र्याला टेकताच मोठी ठिणगी पडते. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या असू शकतात, त्यांना प्रोब लावू नका. हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांतील नारिंगी केबल उच्च व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपास काम करूच नका. इंजिन चालू ठेवून मोजमाप करायचे असेल तर गाडी मोकळ्या हवेत उभी करा.

टप्पा १: लक्षण नेमक्या शब्दांत लिहा

‘आवाज नीट येत नाही’ या वाक्यावरून काहीही शोधता येत नाही. दोष इंजिन बंद असताना दिसतो की चालू असताना, एकाच बाजूला आहे की सगळीकडे, आवाज वाढवल्यावर वाढतो की तेवढाच राहतो, खड्ड्यातून गाडी गेली की येतो का, दार उघड-बंद करताना बदलतो का, आणि त्याआधी गाडीत कोणते काम झाले होते, या प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. दार हलवल्यावर आवाज तुटत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार मोडली आहे असा संशय धरून थेट आठव्या टप्प्याकडे जाता येते. क्रम मोडण्याची मुभा एवढ्या एका लक्षणापुरतीच आहे.

टप्पा २: डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी

बॅटरीच्या क्लॅम्पवर पांढरा-हिरवा थर चढला आहे का ते पाहा. मुख्य फ्यूज होल्डरचे प्लास्टिक वितळले किंवा पिवळे पडले असेल तर फ्यूज शाबूत असला तरी होल्डरचा जोड खराब झाला आहे. प्रत्येक लग (तारेच्या टोकाला चेपलेली धातूची कडी) हाताने फिरवून पाहावा. नीट कसलेला लग बोटाच्या जोराने फिरत नाही.

तारेचे टोक सोलून आतल्या तंतूंचा रंगही एकदा पाहावा. तांबूस मुलामा खरवडल्यावर आत पांढुरका धातू दिसला तर ती तार ॲल्युमिनियमची आहे आणि त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा तिचा रोध सुमारे दीडपट आहे. अशा तारेने काम भागते, पण ती एक-दोन आकार जाड घ्यावी लागते. अनेकांच्या सिस्टिममधला ‘न सापडणारा’ दोष एवढाच असतो.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून तारेच्या सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, तो तारेसाठी असतो. वाटेत कुठेही तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर ती पेटण्याआधी फ्यूज उडायला हवा. फ्यूज डिकीत, ॲम्प्लिफायरजवळ बसवला असेल तर मधली सगळी तार असंरक्षित राहते.

टप्पा ३: बॅटरी आणि आल्टरनेटर

गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर थेट प्रोब टेकवून मोजा. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश आणि १२.२ म्हणजे अर्धा. १२.० च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पुढची सगळी रीडिंगे फसवी ठरतील. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो. अशा गाडीत हा आकडा मध्येच घसरला तरी आल्टरनेटर बिघडला असे लगेच म्हणू नये. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजावे.

टप्पा ४: ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवरील तीन मोजमापे

सिस्टिम चालू करून मीटरचा काळा प्रोब ॲम्प्लिफायरच्याच ग्राउंड (अर्थिंग) टर्मिनलच्या स्क्रूवर टेकवा, जवळच्या पत्र्यावर नाही. पत्र्यावर टेकवलात तर अर्थिंगच्या तारेचा दोष मोजमापातून बाहेर राहील आणि सगळे ठीक दिसेल. आता लाल प्रोब आधी पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि मग रिमोट टर्मिनलवर (ॲम्प्लिफायरला चालू होण्याचा इशारा मिळतो तिथे) टेकवा. दोन्हीकडे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवे. शेवटी हेड युनिट (डॅशबोर्डमधील मुख्य प्लेयर) बंद करून रिमोट पुन्हा मोजा. तिथले व्होल्टेज शून्याकडे गेले पाहिजे.

रिमोटवर व्होल्टेज नसेल तर ॲम्प्लिफायर निर्दोष असूनही मृत वाटतो. रिमोटवर १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसत असतील तर त्या तारेवर क्षमतेपेक्षा जास्त उपकरणे लटकवली आहेत का ते पाहा. हेड युनिटची ही तार फक्त इशारा देण्यासाठी असते. तिच्यावर पंखे, दिवे किंवा अनेक ॲम्प्लिफायर चालवायचे असतील तर मध्ये रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालावा. नेहमीच्या कार रिलेमध्ये ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या असतात, तर ३० आणि ८७ यांतून मुख्य करंट जातो.

तपासा: प्रोटेक्शनचा (दोष आढळल्याने ॲम्प्लिफायर स्वतः बंद झाल्याचा) दिवा लागत असेल तर सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या व आरसीएच्या (हेड युनिटकडून सिग्नल आणणाऱ्या) सर्व तारा काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष काढलेल्या तारांच्या बाजूला आहे. दिवा कायम असेल आणि पुरवठा पाचव्या टप्प्यात ठीक निघाला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे.

टप्पा ५: लोडवर व्होल्टेजची घट मोजा

सगळ्या तपासणीचा गाभा हा टप्पा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. चौथ्या टप्प्यात १२ व्होल्ट दिसले तरी पुरवठा ठीक आहे असे ठरत नाही. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे मोजताना त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट जातो. तारेतील सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला तरी एवढा करंट आरामात जातो आणि मीटर १२ व्होल्ट दाखवतो. ओहमवर ठेवून तार मोजणेही कामाचे नाही, कारण नुसते दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी मीटर ०.२ ते ०.५ ओहम दाखवतो, आणि आपण शोधत असलेला दोष त्याहून लहान असतो.

लोड स्थिर असायला हवा. संगीतात करंट क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून ५० ते ६० हर्ट्झचा एकसंध सूर मध्यम आवाजात काही सेकंद लावावा. तो लांबवू नये, कारण सलग सुराने स्पीकरची कॉइल तापते. तसा सूर हाताशी नसेल तर सिस्टिम बंद ठेवून ॲम्प्लिफायरच्या पॉझिटिव्ह व ग्राउंड टर्मिनलना ५५ वॉटचा बल्ब जोडावा. त्यातून सुमारे साडेचार अँपिअर करंट जातो. बल्ब लवकर तापतो, त्यामुळे तो सीटच्या कापडाला किंवा गालिच्याला टेकू देऊ नका.

मोजण्याचा क्रम असा:

१. लोड चालू ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज मोजा आणि लिहा.

२. ॲम्प्लिफायरच्या दोन टर्मिनलवर मोजा आणि लिहा. दोन्हींतील फरक म्हणजे एकूण घट.

३. लांब बारीक तारेने काळा प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपर्यंत न्या व लाल प्रोब ॲम्प्लिफायरच्या पॉझिटिव्हवर टेकवा. उणे चिन्ह आले तरी बिघडत नाही, आकडा महत्त्वाचा. ही पॉझिटिव्ह बाजूची घट. मीटरमधून जवळजवळ करंट जात नसल्याने ही लांब तार बारीक असली तरी चालते.

४. त्याच रीतीने ॲम्प्लिफायरचे ग्राउंड टर्मिनल आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी यांच्यामध्ये मोजा. ही परतीच्या बाजूची घट.

५. तिसऱ्या व चौथ्या मोजमापाची बेरीज दुसऱ्यातील एकूण घटीशी जुळते का ते पाहा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि ॲम्प्लिफायरवर १०.९ व्होल्ट आहेत, म्हणजे १.५ व्होल्ट वाटेत हरवले. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ आणि परतीच्या बाजूला १.२ व्होल्ट घट आहे. पॉझिटिव्ह तार त्या करंटला साजेशी आहे, तिला हात लावण्याचे कारण नाही. आता परतीच्या वाटेवर एक प्रोब ॲम्प्लिफायरच्या ग्राउंड टर्मिनलवर स्थिर ठेवून दुसरा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायचा. तारेच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर ०.०५, बोल्टाच्या डोक्यावर ०.१५, पण बोल्टाशेजारी खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर थेट १.०५ व्होल्ट. उरलेले ०.१५ व्होल्ट पत्रा आणि बॅटरीच्या पट्ट्यात जातात. मग बोल्ट आणि पत्रा यांच्यातच ०.९ व्होल्ट अडकले आहेत. बोल्ट रंगाच्या थरावर बसला आहे आणि करंट केवळ गंजलेल्या आट्यांतून वाट काढतो आहे. दुरुस्ती म्हणजे पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि थोडा वेळ.

किती घट चालते? पूर्ण लोडवर पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि परतीच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत मी स्वीकारतो. बल्बच्या लोडवर करंट कमी असल्याने हे आकडे त्याच प्रमाणात कमी धरावे लागतात, हे विसरले की दोषी जोडही पास होतो. साडेचार अँपिअरला ०.२ व्होल्ट घट म्हणजे ३० अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट.

तारेची जाडी योग्य आहे का हेही हिशेबाने कळते. एकूण ३०० वॉट आउटपुट देणारा डी वर्गातील ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ३७५ वॉट ओढतो, म्हणजे १२.५ व्होल्टला ३० अँपिअर. तेवढ्याच आउटपुटचा एबी वर्गातील ॲम्प्लिफायर ४० ते ४८ अँपिअर ओढू शकतो. ८ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या ५ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०११ ओहम असतो, म्हणून ३० अँपिअरला तिच्यात ०.३ व्होल्टच्या आसपास घट होते. मोजलेली घट या हिशेबापेक्षा बरीच जास्त आली तर तार बदलण्याआधी जोड तपासा, कारण दोष तारेच्या मधल्या भागात क्वचितच असतो.

सावधान: अर्थिंगसाठी सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. अपघाताच्या वेळी त्या बोल्टावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिथे लग किंवा वॉशर घुसवणे धोक्याचे आहे. पत्र्याला नवीन भोक पाडण्यापूर्वी पलीकडे पेट्रोलची टाकी, नळी किंवा मूळ वायरिंग नाही याची खात्री करा. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर सेन्सर बसवलेला असेल तर अर्थिंगची तार थेट खुंटीला न जोडता पत्र्याला जोडावी, नाहीतर गाडीच्या संगणकाला तो करंट दिसत नाही.

टप्पा ६: फ्यूज वारंवार जात असेल तर

मोठा फ्यूज घालणे हा उपाय नाही, तो तार जाळण्याचा मार्ग आहे. एकामागून एक फ्यूज जाळत बसण्याचेही कारण नाही. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये २१ वॉटचा बल्ब जोडावा. पुढे कितीही मोठा शॉर्ट असला तरी बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास मर्यादित राहतो आणि तार सुरक्षित राहते. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट अजून आहे. मग ॲम्प्लिफायरची पॉझिटिव्ह तार काढून पाहा. बल्ब विझला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये, पेटतच राहिला तर तारेत. तारेत असल्यास तिला हलवत पुढे सरका. इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्याचे भोक, सीटची रेल आणि पायदानाखालची धारदार कड या तीन जागी बल्बचे तेज लुकलुकते का ते आधी पाहावे.

ॲम्प्लिफायर जोडल्याक्षणी बल्ब चमकून लगेच मंद होत असेल तर तो शॉर्ट नव्हे, आतील कपॅसिटर भरत असतात.

टप्पा ७: हेड युनिटच्या तारा

बाजारातील बहुतेक हेड युनिटला पिवळी तार कायम पुरवठ्याची, लाल तार चावी फिरवल्यावरच्या पुरवठ्याची, काळी अर्थिंगची आणि निळी-पांढरी रिमोटची असते. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून रंगाला रंग जुळवून जोडणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. प्रत्येक तार चावी बंद, चावी एसीसीवर (फक्त म्युझिकसारखी उपकरणे चालतात त्या स्थितीत) आणि चावी पूर्ण चालू अशा तीन स्थितींत मोजून मगच जोडावी. मूळ वायरिंगला टेस्ट लॅम्प लावू नये, मीटरच वापरावा, कारण संगणकाकडून येणाऱ्या एखाद्या तारेतून लॅम्पइतका करंट ओढला तर आतील सर्किट खराब होऊ शकते.

चावी काढल्यावर घड्याळ आणि स्टेशने पुसली जात असतील तर पिवळी तार चावीच्या पुरवठ्यावर गेली आहे. उलट, हेड युनिट चावी काढूनही बंद होत नसेल तर लाल तार कायम पुरवठ्यावर आहे. काही गाड्यांच्या मूळ कपलरमध्ये या दोन तारांच्या जागाच उलट असतात, त्यामुळे तयार कपलर लावला म्हणून मोजणे टाळता येत नाही.

टप्पा ८: स्पीकर आणि त्यांच्या तारा

आजच्या जवळपास सर्व हेड युनिटमध्ये स्पीकरची निगेटिव्ह तार म्हणजे अर्थिंग नव्हे. दोन्ही तारांवर पत्र्याच्या तुलनेत पुरवठ्याच्या साधारण निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट असतात आणि स्पीकर त्या दोघींमधील फरकावर चालतो. त्यामुळे तारा वाचवण्यासाठी निगेटिव्ह पत्र्याला जोडली की हेड युनिट प्रोटेक्शनमध्ये जाते किंवा त्याची आउटपुट चिप जळते.

बॅटरी सोडवून, हेड युनिट वा ॲम्प्लिफायरच्या टोकाला स्पीकरच्या तारा मोकळ्या करा आणि पुढील मोजमापे घ्या. दोन तारांमध्ये ४ ओहमच्या स्पीकरसाठी साधारण ३ ते ३.८ ओहम यायला हवेत. लिहिलेल्या आकड्यापेक्षा हे थोडे कमी असणे योग्यच आहे, कारण मीटर कॉइलच्या तारेचा रोध दाखवतो. काहीच आले नाही तर तार किंवा कॉइल तुटली आहे. मग स्पीकरच्याच टर्मिनलवर मोजून दोघांपैकी कोण ते ठरवावे. एक ओहमच्या आत आले तर तारा एकमेकींना टेकल्या आहेत. प्रत्येक तार आणि पत्रा यांच्यामध्ये मात्र मीटरने काहीही दाखवता कामा नये.

हे मोजताना दार पूर्ण उघडून बंद करा आणि आकडा हलतो का ते पाहा. वूफरचा कोन दोन्ही हातांनी सारख्या जोराने हलकेच दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे, तिथे वायरिंगचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर २ ओहम होतात आणि एकामागे एक जोडले तर ८. ॲम्प्लिफायरवर किमान किती ओहम चालतात हे छापलेले असते. ब्रिज केलेल्या जोडणीत (दोन चॅनेल एकत्र करून एक स्पीकर चालवताना) ही किमान मर्यादा सहसा दुप्पट असते, हे न पाहता वूफर जोडले की थोड्या वेळाने ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो.

डावे-उजवे दोन्ही स्पीकर चालतात पण बास पोकळ वाटतो, तेव्हा एकाची पोलॅरिटी उलटी असण्याचा संभव दाट असतो. १.५ व्होल्टच्या सेलचे पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्ह तारेला क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला पाहिजे. ही चाचणी ट्वीटरवर (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरवर) करू नका.

टप्पा ९: शिट्टी आणि गुणगुण

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ही बहुधा अर्थिंगच्या दोन जागांमधील व्होल्टेजच्या फरकातून येते. पाचवा टप्पा नीट केला असेल तर ती बऱ्याचदा तिथेच गेलेली असते, म्हणून फिल्टर विकत घेण्याची घाई करू नये.

राहिली असेल तर हेड युनिटचा आवाज कमी-जास्त करा. शिट्टीही बदलली तर ती आवाजाच्या नियंत्रणाच्या आधी, म्हणजे फोन, चार्जर किंवा ऑक्स केबलमधून शिरते आहे. फोनचा चार्जर काढून पाहा. शिट्टी गेली तर त्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालणे पुरते. शिट्टी तेवढीच राहिली तर सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरपाशी आरसीए केबल काढा, आतली पिन आणि बाहेरची कडी जोडलेला शॉर्टिंग प्लग त्या जागी लावा आणि पुन्हा चालू करा. आता शांत झाले तर दोष केबल किंवा हेड युनिटकडे, तरीही ऐकू आले तर ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्याकडे.

हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याची धातूची पेटी यांच्यामधील रोधही मोजावा. सिस्टिम चालू असताना आरसीए ओढून काढल्याने किंवा काळी तार सैल राहिल्याने आतील ग्राउंडचा बारीक मार्ग जळतो आणि त्यानंतर शिट्टी कायमची मागे लागते.

टप्पा १०: रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर

गाडी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकात १० अँपिअरच्या भोकातून मीटर मालिकेत जोडा, दारे व बॉनेट उघडे असले तरी गाडीला ते बंद वाटावेत म्हणून त्यांचे लॅच हाताने लावा आणि गाडीतील संगणक झोपेपर्यंत साधारण अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी हे बहुतेक गाड्यांत स्वीकारार्ह आहे. जास्त असेल तर ॲम्प्लिफायरचा मुख्य फ्यूज काढून पाहा. रिमोट तार कायम पुरवठ्याला जोडलेली असली तर ॲम्प्लिफायर आवाज न करताही एखादा अँपिअर ओढत राहतो, आणि ५० अँपिअर-अवरची बॅटरी त्याने दोनेक दिवसांत रिकामी होते.

सावधान: मीटर मालिकेत असताना चावी फिरवू नका आणि म्युझिक सिस्टिम लावू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

टप्पा ११: जोड दुरुस्त करणे आणि परत बसवणे

अर्थिंगच्या जागी लगच्या आकाराएवढा भाग चमकेपर्यंत घासा, लग थेट पत्र्यावर ठेवा, वर दात्यांचा वॉशर आणि मग नट. रंग किंवा गंजरोधक लेप जोड कसून झाल्यावर वरून लावायचा, मध्ये नाही. अर्थिंगची तार पॉझिटिव्ह तारेइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. जाड तारेचा लग पकडीने चेपू नये, क्रिंपिंग टूलच वापरावे. चेपल्यावर तार जोरात ओढून पाहावी. एकही तंतू सरकला तर तो लग कापून नवीन लावावा. तंतू लगमध्ये मावत नाहीत म्हणून काही कापून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. तसे केल्यावर जाड तारेला बारीक तारेचा गळा तयार होतो आणि जोड तिथेच तापतो. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट हवाच. नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली तार उन्हाने टेपचा चिकटपणा गेला की उघडी पडते, म्हणून उष्णतेने आकसणारी नळी वापरावी.

सर्व जोडून झाल्यावर मुख्य फ्यूज बाहेर ठेवून बॅटरी जोडा. फ्यूजच्या जागी पुन्हा २१ वॉटचा बल्ब लावा, तो क्षणभर चमकून मंद झाला की बल्ब काढून खरा फ्यूज घाला. पाचव्या टप्प्यातील चारही मोजमापे त्याच लोडवर पुन्हा घेऊन जुन्या आकड्यांशेजारी लिहा. स्क्रूखाली थेट दाबलेले तांब्याचे तंतू पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरचे टर्मिनल आणि फ्यूज होल्डरचे स्क्रू आठवडाभराने बॅटरी सोडवून एकदा पुन्हा कसावेत.